पाण्याला हात लावणारे

यंत्रातून बापाचं नाव बाहेर आलं तेव्हा कुंदा वलथरे फुटाणे खात होती. जिल्हा जलप्रयोगशाळेत खायला बंदी होती आणि बंदीची पाटी कुंदानंच लिहून भिंतीवर लावली होती. पण सकाळी सातपासून काचा वाचत बसलेल्या बाईला अकरा वाजता भूक लागते, पाटीला लागत नाही. छपाईयंत्रानं कागद पुढे ढकलला. तिनं सवयीप्रमाणे आधी विषाचं नाव पाहिलं, मग मात्रा, आणि मग माणसाचं नाव. हरबाजी सीताराम वलथरे, वय सदुसष्ट, राहणार आमडीटोला.

फुटाणा घशात अडकला. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं, तरी ती कागदाकडेच बघत होती. तिनं काच पुन्हा यंत्रात घातली. तेच नाव. तिसऱ्यांदा घातली. यंत्राला कंटाळा येत नाही, त्यानं तिसऱ्यांदाही तेच छापलं.

ही काच म्हणजे पोस्टकार्डाएवढा एक पातळ तुकडा. पाण्यात डायटम नावाचं एक सूक्ष्म शेवाळ असतं. ते वाळूतलं द्रव्य शोषून स्वतःभोवती काचेचं कवच बांधतं. शास्त्रज्ञांनी त्याची एक जात अशी घडवली, की ती रोज सूर्य उगवला की नवा थर द्यायला सुरुवात करते आणि मावळला की थांबते. झाडाच्या खोडात वर्षाचं एक वर्तुळ असतं, तसा इथे दिवसाचा एक थर. त्या दिवशी पाण्यात जे जे होतं, ते त्या थरात कायमचं चिणलं जातं: शिसं, औषध, साबण, आणि माणसाच्या कातडीतून सुटलेले जनुकांचे कणसुद्धा. राज्यातल्या प्रत्येक तलावात, नदीच्या डोहात, सार्वजनिक विहिरीत अशी एक काच तरंगत ठेवलेली असे. प्रयोगशाळेत लेझरनं एकेक थर सोलायचा, विष कुठल्या दिवसाचं ते बघायचं, आणि त्याच थरात कुणाची कातडी सगळ्यांत जास्त आहे ते जन्मनोंदीतल्या जनुकांशी ताडून पाहायचं. बस, झाला गुन्हेगार.

पूर्वी पाणी नासवणारा माणूस किरकोळ दंड भरून, मिशीला पीळ देत घरी जायचा. काच आली आणि कायदाच बदलला. सार्वजनिक पाण्यात विष कालवलं तर दहा वर्षं, त्यानं कुणी दगावलं तर जन्मठेप. जामीन नाही, तीस दिवसांत जलन्यायालयात निकाल. काचेचा अहवाल हा निर्णायक पुरावा, त्यावर उलटतपासणी नाही. अहवालावर चोवीस तासांत सही न करणारा काचवाचकही सहआरोपी. ‘कर नाही त्याला डर कशाला’ असं कायद्याच्या भित्तिपत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं. कुंदाला ते वाक्य फार आवडायचं. तीन वर्षांत तिनं एक्केचाळीस अहवालांवर सह्या केल्या होत्या, आणि प्रत्येक सहीनंतर तिला शांत झोप लागली होती.

आमडीटोल्याच्या तलावात गुरुवारी विष आलं होतं. अठ्ठावीस माणसं दवाखान्यात होती आणि सगुणाबाई नावाची एक म्हातारी गेली होती. म्हणजे जन्मठेप.

नातेवाइकाचा अहवाल दुसऱ्यानं वाचावा असा नियम नव्हता. काच वाचते, माणूस फक्त सही करतो, मग नात्याचा प्रश्न कुठे येतो, असं कायदा करणाऱ्यांनी म्हटलं होतं, आणि त्या बैठकीत मान डोलावणाऱ्यांत कुंदा होती. दुसऱ्या दिवशी अकराला पाच मिनिटं कमी असताना तिनं सही केली. सही नेहमीपेक्षा वाकडी आली. पण सही ती सहीच.

*

कोठडीत हरबाजी भिंतीला टेकून बसला होता. दोन्ही हात कोपरापर्यंत ओरखड्यांनी भरलेले. शिंगाड्याचा वेल पाण्यावर पसरतो आणि फळं पानांखाली बुडून असतात. ती उघड्या हातांनी चाचपून तोडायची, आणि फळाला दोन्ही बाजूंनी काटे. आश्विन-कार्तिकात आमडीटोल्यातल्या कुठल्याही ढिवराचे, मासे आणि शिंगाड्यांवर जगणाऱ्याचे, हात असेच दिसत.

“कुंदे, जेवलीस का वं?” त्यानं विचारलं.

“बाबा, तुमी गुरुवारी पाण्यात काऊन गेले होते?”

“मंग काय करू? मासे वरतं आले होते. सारे तोंड उघडून. पाण्यातली हवा सरली का मासा असाच करते. मी उतरलो अन् झोडपत रायलो पाणी.”

“किती वेळ?”

“उन्हं कलेपर्यंत. लोकं वरडत होते, हरबा, बाहेर ये, पाण्याले वास येऊन रायला. पण हात थांबतच नव्हते माहे.”

कुंदाला काही विचारायचं उरलं नाही. मासे तडफडायला लागले की पाण्यात उतरायचं आणि हातांनी, काठीनं पाणी झोडपायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते, हे ढिवराला प्राणवायू हा शब्द ऐकण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. विषावर हा उपाय अर्धामुर्धाच, पण हरबाजीला कुठे माहीत होतं ते विष आहे म्हणून? तो रक्ताळलेल्या हातांनी पाच तास तलाव घुसळत होता. काचेनं सकाळचं विष आणि दुपारचा बाप एकाच थरात चिणले. आधी काय आणि मागून काय, हे काचेला सांगताच येत नव्हतं. एक दिवस, एक थर.

“काचेत माहं नाव आलं म्हणे,” हरबाजी म्हणाला. “म्हंजे तू चांगली शिकलीस. यंत्र बरोबर चालवतेस.” तो हे टोमणा म्हणून बोलत नव्हता, हेच कुंदाला सहन होईना. ती तिथून जवळजवळ पळतच बाहेर पडली.

*

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. टोल्यावर कुणी कुंदाशी बोलेना. सगुणाबाईचा मुलगा तिला बघून दार लावून घ्यायचा. आई, लीलाबाई, मात्र दारातच उभी होती.

“सही केलीस?” तिनं विचारलं.

“केली.”

“माहा हात भाजला असता तरी मी केली नसती.” आणि ती आत चुलीपाशी जाऊन बसली. तरीही ताट वाढलं होतंच. कुंदानं एक घासही खाल्ला नाही.

प्रयोगशाळेत परतल्यावर तिनं जुने एक्केचाळीस अहवाल काढले आणि प्रथमच विषाऐवजी माणसांचे धंदे वाचले. परीट नऊ. म्हशी धुणारे सात. शिंगाडेवाले, मासेमार, नावाडी मिळून पंधरा. घाटावर भांडी घासणाऱ्या पाच बायका. उरले पाच कारखान्यांतले, पण ते गटारं साफ करणारे मजूर होते, उघड्या हातांनी गाळ उपसणारे. मालक एकही नव्हता. मालक कशाला पाण्याला हात लावतोय?

तिला वाटत होतं, कायद्यामुळे लोक शहाणे झाले. आठवडी बाजारात भाजीच्या शेजारी कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे विकायला आले, बायका घागर दोरीनं लांबूनच बुडवू लागल्या, म्हशी हातपंपावर आणल्या जाऊ लागल्या, तेव्हा तिनं वरिष्ठांना आनंदानं कळवलं होतं की जनजागृती होत आहे. लोक पाणी सांभाळत नव्हते. लोक पाण्याला भ्याले होते. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचं काम सरकारनं यंत्राकडे सोपवलं होतं आणि त्या यंत्राची पगारी पुजारीण कुंदा होती. ती त्या दिवशी खुर्चीतून सतरा वेळा उठली आणि सतरा वेळा बसली.

मग विष आलं कुठून? ते शोधायला तिला अर्धा दिवससुद्धा लागला नाही. तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, फवारणीच्या ड्रोनवाल्याची जीप उभी होती. उशिरा पिकणाऱ्या भारी धानावर तुडतुडे पडले होते, दर पंधरवड्याच्या गुरुवारी औषध मारायचं कंत्राट होतं. ड्रोन तलावावर यायचे, पोटातली नळी पाण्यात सोडायचे, टाकी भरून घ्यायचे. आणि शेवटच्या फेरीनंतर आपली टाकी आपणच खळखळून धुऊन पाणी तलावातच ओतायचे.

“नळीला उलटी झडप असते ना? टाकीतलं औषध मागं येऊ नये म्हणून?” कुंदानं ड्रोनवाल्या गिरिधरला विचारलं.

“होती. ठेकेदारानं काढायला लावली. झडप असली की टाकी भरायला वेळ लागते.” गिरिधर जीपमध्ये बसूनच बोलत होता, मांडीवर टॅब्लेट. “पण ताई, मी तर गाडीतून खाली पण उतरत नाही. आतापर्यंत त्या पाण्याला माझं बोट लागलं नाही.”

“तेच तर,” कुंदा म्हणाली.

ती तशीच पोलीस ठाण्यात गेली. इन्स्पेक्टर हुंबे सभ्य माणूस होता. त्यानं तिचा अर्ज घेतला, शिक्का मारून प्रत दिली, चहा मागवला.

“मॅडम, काचेत ड्रोन आला का?”

“ड्रोनला कातडी नसते साहेब. तो काचेत कसा येणार?”

“मग मी त्याला कायद्यात कसा बसवू? ते औषध तर प्रत्येक कृषी केंद्रात मिळतं. झडपेचं म्हणाल तर ते कृषी खात्याकडे.” त्यानं चहाचा कप तिच्याकडे सरकवला. “तुमचे वडील आहेत. तुम्ही धडपडणारच, मला कळतं. पण काच काय म्हणते ते आम्हाला तुम्हीच शिकवलंत.”

चहा तसाच राहिला. पुढचा फवारणीचा गुरुवार सहा दिवसांवर होता, आणि बापाचा खटला त्याच्या पुढच्या सोमवारी.

*

“वगळयादीतून माझं नाव काढा,” कुंदा डॉ. भालेरावांना म्हणाली.

भालेराव प्रयोगशाळेचे प्रमुख, निवृत्तीला सात महिने राहिलेले. त्यांनी चष्मा काढून पुसला. काचवाचकांचे हात रोज काचांना लागतात, त्यामुळे त्यांची जनुकं यंत्र आधीच गाळून टाकायचं. त्या यादीतला माणूस दिवसभर तलावात पोहला तरी त्याचं नाव अहवालात यायचं नाही.

“कशासाठी?”

“गुरुवारी मी आमडीटोल्याच्या पाण्यात उतरणार आहे.”

भालेरावांनी चष्मा पुन्हा चढवला. “कुंदा, तुझा डाव मला कळला. पण जरा विचार कर. काच खोटी ठरली तर तुझा बाप सुटेल, आणि त्याच्याबरोबर सगळे सुटतील. त्यात खरे चोरही असतील. आणि न ठरली, तर तू आत जाशील. दोन्हीकडून तुझंच मरण आहे.”

“सर, तुम्ही तरी झोपता का नीट?”

त्यांनी खुर्ची वळवली. संगणक उघडला, तिचं नाव काढलं, आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, “जेवून जा दुपारी. माझ्या डब्यात पोळ्या जास्त आहेत.”

गुरुवारी तिनं आधी पंचायतीच्या पाणीवाल्याला गाठून तलावावरच्या नळयोजनेची चावी बंद करायला लावली. कुणाच्या पोटात थेंब जाता कामा नये, त्यात तिला कसलीही जोखीम नको होती. हुंबेंना दुसरा अर्ज दिला होता, त्याचीही शिक्क्याची प्रत पर्समध्ये होती. ठेकेदाराला तीनदा फोन केला, त्यानं तिन्ही वेळा उचलला आणि तिन्ही वेळा ‘बघतो’ म्हणाला. सकाळी ती जीपसमोर आडवी उभी राहिली. गिरिधरनं हात जोडले. “ताई, हे आपोआप उडतात हो. मी फक्त बॅटरी बघतो.” ड्रोन तिच्या डोक्यावरून गेले आणि पलीकडच्या काठाशी नळ्या सोडून डुलत राहिले.

दहाच्या सुमारास वास आला, सडक्या लसणासारखा. मग पहिला मासा वर आला. मग दहा. मग पाणी नुसतं तोंडांनी भरून गेलं.

पाळीवर टोल्यातली साठेक माणसं जमली. एकही खाली उतरलं नाही. हरबाजीचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. कुंदानं चपला काढल्या. काचवाचकानं कुठल्याही जलस्रोताला स्पर्श करू नये, या नियमापायी ती तीन वर्षांत या पाण्यात उतरली नव्हती. गुडघ्यापर्यंत गेली, कमरेपर्यंत गेली, शिंगाड्याच्या वेलांनी पाय धरले. अर्धा तास पुरे, असा तिचा हिशोब होता. तेवढ्यात काचेत चिणली जाण्याइतकी कातडी सुटते. तिनं हात उगारले आणि पाणी झोडपायला लागली.

अर्धा तास केव्हाच सरला. एक मोठी रोहू तिच्या पोटाला घासून उलटी झाली. तिनं ती दोन्ही हातांत धरून पाण्यात पुढेमागे हलवली, लहानपणी बाप हलवायचा तशी, आणि रोहू एकदम निसटून खाली गेली. कुंदाला रडू फुटलं. अहवाल, खटला, यंत्र, सगळं डोक्यातून निघून गेलं. ती वेड्यासारखी पाणी झोडपत राहिली.

मागे पाणी वाजलं. लीलाबाई नऊवारीचा ओचा खोचून पाण्यात शिरली होती, हातात धुण्याचा दांडका.

“आई, मागं हो! तुजं नाव येईन काचेत!”

“येऊ दे! नवऱ्याचं आलं, पोरीचं येईन, अन् मी एकटी काठावर बसून कोणाले रांधू?” दांडका पाण्यावर धाडकन आपटला. “तू तिकडून झोडप, मी इकडून.”

शुक्रवारी कुंदानं काच यंत्रात घातली. फुटाणे नव्हते. यंत्रानं दोन नावं छापली. पहिलं लीलाबाई हरबाजी वलथरे, दुसरं कुंदा हरबाजी वलथरे. आईचे हात काट्यांनी जास्त फाटले होते, म्हणून ती पहिली. स्वतःचं नाव येणार हे ठरलेलंच होतं. आईचं पहिल्या ओळीत बघितल्यावर मात्र कुंदानं पेन खाली ठेवलं. तिनं घरी फोन लावला.

“काऊन विचारतेस?” आई म्हणाली. “बापाच्या वेळी विचारलं होतंस? कर सही.”

तिनं दोन्ही नावांखाली सही केली. या वेळी ती सरळ आली.

*

सोमवारी हरबाजीला पिंजऱ्यात आणलं तेव्हा तिथे आधीच दोघी बसलेल्या होत्या. तो दारातच थबकला.

“तुमी काऊन इथं?”

“तुमच्यासारखंच,” लीलाबाई म्हणाली. “बसा आता.”

न्यायाधीश टेंभुर्णे बाईंनी दोन्ही अहवाल शेजारी शेजारी ठेवले. सरकारी वकील सोहनी घामाघूम झाले होते.

“दोन्ही अहवाल एकाच तलावाचे, एकाच यंत्रातले, एकाच सहीचे,” न्यायाधीश म्हणाल्या. “दुसऱ्या गुरुवारी साठ माणसं काठावर होती. पंचायतीच्या कॅमेऱ्यात ड्रोन दिसतात, पाण्याचा रंग बदललेला दिसतो, आणि त्यानंतर या दोघी पाण्यात उतरताना दिसतात. पोलिसांना आधी दिलेले दोन अर्ज माझ्यासमोर आहेत. सरकारचं म्हणणं काय आहे? हा दुसरा अहवाल खरा की खोटा?”

“बाईसाहेब, ही विशेष बाब मानून पुढची तारीख...”

“तारीख कायद्यातच नाही, तीस दिवसांत निकाल आहे. खरा असेल तर या दोघींना मी आत्ता दहा वर्षं द्यायची, बोला. खोटा असेल तर तसं म्हणा.”

सोहनींनी मागे वळून हुंबेंकडे पाहिलं. हुंबे खाली बघत होते.

“खरा म्हणता येणार नाही,” सोहनी शेवटी म्हणाले.

“मोठ्यानं बोला. नोंद व्हायची आहे.”

“खोटा आहे, बाईसाहेब.”

मागच्या बाकांवर आमडीटोल्याची माणसं होती, त्यांच्यात गलका उठला. लीलाबाईनं नवऱ्याच्या फाटलेल्या हातावर हात ठेवला. कुंदाला मात्र आनंद होईना. एक यंत्र, एक सही. तो एक शब्द तिच्या खुर्चीपासून निघून राज्यातल्या किती कोठड्यांपर्यंत जातो, हे त्या खोलीत फक्त तिलाच माहीत होतं.

“तुम्हाला काही सांगायचं आहे?” न्यायाधीशांनी तिला विचारलं.

तिनं पर्समधून घडी घातलेला कागद काढला. त्यावर एक्केचाळीस नावं होती, तिच्याच अक्षरात. अकराव्या नावाच्या माणसानं विष ओतल्याचं स्वतः कबूल केलं होतं, हे तिला ठाऊक होतं. तेही नाव तिनं गाळलं नव्हतं. कुठलं खरं आणि कुठलं खोटं, हे आता तिनं ठरवायचं नव्हतं.

“हे सगळे अहवाल माझे आहेत,” ती म्हणाली. “त्यांच्यावरही हीच सही आहे. मला ते परत घ्यायचे आहेत.”

“सगळे?”

“सगळे. आणि ते मी का केले, कुणाच्या घरात काय झालं, ते विचारायला मला बोलवा. मी येईन. शिक्षा असेल तर तीही द्या.”

न्यायाधीशांनी लेखनिकाला खूण केली. कुंदा उभी राहिली, कागद डोळ्यांपुढे धरला.

“मैनाबाई रामाजी बारसागडे, परीट, वय बावन्न,” तिनं वाचलं. ती थांबली, पाणी मागितलं नाही, पुन्हा वाचायला लागली. “दहा वर्षांची शिक्षा. मागच्या श्रावणात तुरुंगातच वारल्या.”

लेखनिकानं लिहून घेतलं आणि पुढच्या नावासाठी वर पाहिलं.